जपानची सहल : बुद्धमूर्ती, गरम पाण्याचे झरे आणि समतेचा प्रश्न

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला जपानच्या सहलीविषयी बोलायला सांगितले आहे. आम्ही अकरा जण दहा दिवस जपानमध्ये फिरलो. टोकियो, कामाकुरा, कुसात्सू, क्योटो, नारा, हिरोशिमा आणि बेप्पू अशी सात ठिकाणे पाहिली. त्यांपैकी कुसात्सू आणि बेप्पू ही गरम पाण्याच्या झऱ्यांची गावे आहेत. प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या अभ्यासिकेतील एका विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, "सर, जपान तर बौद्ध देश आहे. मग तिथे जातपात नसेलच ना?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आजच्या व्याख्यानात प्रवासवर्णनाबरोबर त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

टोकियो आणि आपली बाराखडी

टोकियोमध्ये पहिल्या दिवशी आम्ही आसाकुसा भागातील सेन्सोजी हे या शहरातील सर्वांत जुने मंदिर पाहिले. दुसऱ्या महायुद्धात १९४५ च्या बाँबहल्ल्यात ते जळाले. लोकांनी वर्गणी काढून ते पुन्हा उभे केले आणि १९५८ मध्ये मुख्य सभागृह पूर्ण झाले. प्रवेशद्वारावर भला मोठा लाल कंदील टांगलेला आहे. आत अवलोकितेश्वराची उपासना होते. जपानी लोक त्यांना 'कान्नोन' म्हणतात.

जपानी मंदिरांच्या दफनभूमीत थडग्यांच्या मागे उंच, निमुळत्या लाकडी फळ्या उभ्या केलेल्या दिसतात. त्यांना 'सोतोबा' म्हणतात. हा आपल्या 'स्तूप' या शब्दाचाच अपभ्रंश आहे. फळीच्या वरच्या टोकाला स्तूपाचा आकार कोरलेला असतो आणि त्यावर सिद्धम् लिपीतील अक्षरे लिहिलेली असतात. ही लिपी ब्राह्मीपासून निघाली, म्हणजे आपल्या देवनागरीची ती बहीणच. नवव्या शतकात कूकाई या आचार्यांनी चीनमधून तिचा अभ्यास जपानमध्ये नेला. आज जपानी मूल शाळेत अक्षरे शिकते ते 'आ, इ, उ, ए, ओ' या क्रमाने. पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असे वर्ग येतात. विद्यार्थी मित्रांनो, हा क्रम तुम्हाला ओळखीचा वाटत नाही का? संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो तिथे रुजला. आपल्या भूमीतून धम्म गेला, तेव्हा त्याच्यासोबत अक्षरेही गेली.

याच कूकाईंनी स्थापन केलेल्या कोयासान या पर्वतावरील विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आमच्या प्रवासात कोयासान नव्हते, पण ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी ते अवश्य जोडून घ्यावे. जपान आणि आपला संबंध एका बाजूचा नाही. जपानमधून आलेले भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांनी नागपूरला आपली कर्मभूमी मानली. कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या सहकार्याने उभे राहिले. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल.

कामाकुराचा बुद्ध

दुसऱ्या दिवशी टोकियोपासून रेल्वेने सुमारे तासाभराच्या अंतरावरील कामाकुरा येथे गेलो. तेथील अमिताभ बुद्धाची कांस्यमूर्ती तेराव्या शतकातील आहे. मूर्ती सव्वाअकरा मीटर उंच आहे. पूर्वी तिच्यावर सभागृह होते. वादळांनी आणि इतर आपत्तींनी ते नष्ट झाले, पुन्हा बांधले गेले नाही. शतकानुशतके हा बुद्ध ऊन, पाऊस आणि बर्फ सोसत उघड्यावर ध्यानस्थ बसला आहे.

मूर्तीच्या आवारात श्रीलंकेचे जे. आर. जयवर्धने यांचे स्मारक आहे. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे युद्धोत्तर तहाची परिषद भरली. जपानकडून मोठी भरपाई वसूल करावी असे अनेक राष्ट्रांचे मत होते. जयवर्धने यांनी बुद्धाच्या मैत्रीच्या उपदेशाचा आधार घेऊन आपल्या देशाचा भरपाईचा हक्क सोडला. एका छोट्या देशाच्या प्रतिनिधीने भरसभेत धम्मवचन उच्चारले, आणि जपानी जनतेने ते आजवर लक्षात ठेवले आहे.

कुसात्सूचे गरम पाणी

आता गरम पाण्याच्या झऱ्यांविषयी. जपानी भाषेत त्यांना 'ओनसेन' म्हणतात. जपानमध्ये शंभराहून अधिक जिवंत ज्वालामुखी आहेत. भूकंपाने जो देश वारंवार हादरतो, त्याच देशाला जमिनीखालच्या त्याच उष्णतेने हे झरे दिले आहेत. १९४८ च्या कायद्याने ओनसेनची व्याख्या ठरवली आहे. उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असावे, किंवा कायद्यात दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादे ठरावीक प्रमाणात असावे.

कुसात्सू हे गुन्मा प्रांतातील डोंगरी गाव. टोकियोहून सुमारे अडीच तास रेल्वे आणि पुढे बस. गावाच्या मध्यभागी 'युबाताके' आहे. त्याचा शब्दशः अर्थ गरम पाण्याचे शेत. लाकडी पन्हाळींच्या रांगांतून वाफाळते पाणी वाहत असते आणि सर्वत्र गंधकाचा वास दरवळतो. पाणी इतके आम्लयुक्त की लोखंडी खिळा त्यात टिकत नाही. उगमाजवळ ते अंगावर घेण्यासारखे नसते. थंड पाणी मिसळले तर गुण कमी होतो, म्हणून पूर्वीपासून लांब फळ्यांनी ते ढवळून निववतात. स्त्रिया एका सुरात गाणे म्हणत फळ्या चालवतात. हा कार्यक्रम पाहायला प्रवाशांची गर्दी होते.

स्नानाची रीत सांगतो, कारण ती समजून घेण्यासारखी आहे. कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे. साबणाचा फेस पूर्ण काढून मगच कुंडात उतरायचे. कुंडात कपडा नेत नाहीत, अंगावरही कपडा ठेवत नाहीत. पुरुष आणि स्त्रिया यांची कुंडे वेगळी असतात, दारावरच्या पडद्याच्या रंगावरून ती ओळखू येतात. कुंडात पोहायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. आमच्यातील एक ज्येष्ठ काका पहिल्या दिवशी संकोचाने खोलीतच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी धीर करून उतरले आणि मग बाहेर यायला तयार होईनात. ते म्हणाले, "इथे कोण साहेब, कोण शिपाई, काहीच कळत नाही. कपड्याबरोबर हुद्दाही बाहेर राहतो." वाक्य साधे होते, पण आम्हा सर्वांना ते पटले.

मात्र याच गावात दुसरी एक जागा आहे. प्रवासी कंपनीच्या कार्यक्रमात ती नव्हती, आम्ही मुद्दाम मागून घेतली. कुसात्सूच्या पाण्याने त्वचारोग बरे होतात अशी समजूत असल्याने कुष्ठरोगी पूर्वीपासून तेथे येत. त्यांची स्वतंत्र वस्तीही होती. पुढे सरकारने कुष्ठरुग्णांना समाजापासून तोडण्याचे धोरण घेतले. १९३२ मध्ये गावाबाहेर कुरियू राकुसेन-एन हे सरकारी रुग्णालय निघाले आणि जुनी वस्ती मोडण्यात आली. तेथे १९३८ ते १९४७ या काळात एक कोठडी होती. शिक्षा म्हणून रुग्णांना तिच्यात डांबत. हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी पडते. एकूण ९३ जणांना तेथे कोंडले गेले, त्यांपैकी २३ जण मरण पावले. आज तेथे एक छोटे संग्रहालय आहे. आत गेल्यावर आमच्यातील कुणीच बराच वेळ बोलले नाही.

औषधाने रोग बरा होऊ लागला तरी सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा जपानमध्ये १९९६ पर्यंत होता. २००१ मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयाने हे धोरण घटनाविरोधी ठरवले आणि सरकारने अपील केले नाही. पण कायदा गेला म्हणून मन बदलते का? २००३ मध्ये त्याच कुमामोतो प्रांतातील एका ओनसेन गावातील हॉटेलने पूर्वीच्या कुष्ठरुग्णांना खोली नाकारली. ते पूर्ण बरे झालेले वृद्ध लोक होते. इतर ग्राहकांना त्रास होईल हे कारण देण्यात आले. गोष्ट बाहेर फुटली तेव्हा देशभर संताप व्यक्त झाला. परंतु त्याच वेळी त्या वृद्धांना निंदेची निनावी पत्रेही आली. पाणी सगळ्यांचे मळ धुते, मनातला मळ मात्र त्याने निघत नाही.

असाच प्रकार उत्तरेकडील ओतारू शहरात घडला. एका स्नानगृहाने परदेशी दिसणाऱ्यांना प्रवेश बंद केला होता. त्यांतील एकाने जपानचे नागरिकत्व घेतले, तरी त्याला आत घेतले नाही. तिघांनी दावा लावला आणि २००२ मध्ये साप्पोरो जिल्हा न्यायालयाने हा वांशिक भेदभाव असल्याचा निर्णय देऊन भरपाईचा हुकूम केला.

स्नान आणि धम्म

बंधुभगिनींनो, स्नानगृहाचा धम्माशी काय संबंध असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. विनयपिटकात जीवक वैद्यांनी भिक्खूंच्या आरोग्यासाठी चंक्रमण आणि उष्ण स्नानगृह यांची शिफारस केल्याचा उल्लेख आहे. या स्नानगृहाला पाली भाषेत 'जन्ताघर' म्हणतात. जीवकाने भिक्खुसंघाला स्नानासाठी निमंत्रण दिल्याची कथा एका सूत्रातून चीनमार्गे जपानला पोहोचली. तेथील मोठ्या विहारांनी स्नानगृहे बांधली आणि गोरगरिबांसाठी ती मोफत खुली केली. जपानची सार्वजनिक स्नानाची परंपरा विहारांच्या या दानातून वाढली. नारा येथील तोदाइजी विहाराचे जुने स्नानगृह आजही उभे आहे.

नारा येथेच होक्केजी नावाचे भिक्खुणींचे विहार आहे. आठव्या शतकातील सम्राज्ञी कोम्यो हिने गरिबांसाठी दवाखाना आणि अनाथांसाठी आश्रयस्थान काढले, हा इतिहास आहे. तिच्याविषयीची एक दंतकथाही सांगतात. तिने एक हजार लोकांना स्वतःच्या हाताने स्नान घालण्याचा संकल्प केला. हजारावा माणूस कुष्ठरोगी निघाला. तिने त्यालाही स्नान घातले, तेव्हा तो बुद्धरूपात प्रकट झाला. कथा चमत्काराची आहे, चमत्कार आपण बाजूला ठेवू. पण शेकडो वर्षे ज्या लोकांनी ही कथा जपली, त्यांच्याच देशात बऱ्या झालेल्या वृद्धांना खोली नाकारली गेली. कथा जपणे सोपे असते, आचरण अवघड असते. हा दोष फक्त जपान्यांचा आहे असे कुणी समजू नये.

नारा : बोधिसेन आणि अजिंठ्याची आठवण

पाचव्या आणि सहाव्या दिवशी क्योटो पाहिले. त्याविषयी थोड्या वेळाने बोलेन. सातव्या दिवशी नारा. आठव्या शतकात नारा ही जपानची राजधानी होती. तोदाइजी विहारातील वैरोचन बुद्धाची कांस्यमूर्ती सुमारे १५ मीटर उंच आहे. ७५२ मध्ये तिच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला. मूर्तीचे डोळे रंगवण्याचा मान कोणाला मिळाला? ७३६ मध्ये जपानला पोहोचलेल्या बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूला. त्यांच्या हातातील कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि ते दोर राजापासून सामान्य उपासकांपर्यंत सर्वांनी धरले होते, म्हणजे सर्वांच्या हातून डोळे उघडले जावेत. तो कुंचला राजभांडारात जपून ठेवलेला आहे. सध्याचे सभागृह १७०९ मधील आहे. दोनदा जळून ते पुन्हा बांधले गेले, आणि मूळ इमारत याहूनही रुंद होती असे सांगतात.

जवळच होर्युजी विहार आहे. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती तेथे उभ्या आहेत. राजपुत्र शोतोकु यांनी ते स्थापन केले. सहाव्या शतकात कोरियातून धम्म जपानमध्ये आला आणि शोतोकुंनी त्याला राज्याचा आधार दिला. होर्युजीच्या मुख्य सभागृहातील भित्तिचित्रे पाहून विद्वानांना आपल्या अजिंठ्याची आठवण होत असे. १९४९ मध्ये २६ जानेवारीला आग लागून त्या चित्रांचे अतोनात नुकसान झाले. जपान्यांनी काय केले? पुढच्याच वर्षी सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा केला. दरवर्षी २६ जानेवारीला देशभर विहारांत आणि मंदिरांत आग विझवण्याचा सराव केला जातो. आपला प्रजासत्ताक दिन आणि त्यांचा हा सराव एकाच तारखेला येतात. आपल्या महाराष्ट्रात किती लेणी आहेत! त्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना आपण किती वेळा अडवतो, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

क्योटो : समतेच्या चळवळीचे जन्मस्थान

क्योटो ही ७९४ पासून सुमारे हजार वर्षे राजधानी होती. तेथील सान्जुसान्गेन्दो सभागृहात अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती रांगेने उभ्या आहेत. मधली मोठी मूर्ती बसलेली आहे. सोनेरी सुवर्णविहार १९५० मध्ये एका तरुण भिक्खूने पेटवला, १९५५ मध्ये तो पुन्हा बांधला. ही सर्व स्थळे प्रवासी पाहतात. त्यांच्यापैकी फार थोडे ओकाझाकी भागात जातात. आम्ही तेथे गेलो, कारण त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तेथे होते.

जपानमध्ये जात आहे का? आपल्यासारखी वर्णव्यवस्था तेथे नाही. पण 'बुराकुमिन' नावाचा समाज आहे. जनावरे मारणे, कातडी कमावणे, मृतांची व्यवस्था करणे अशी कामे ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना सरंजामी काळात अपवित्र ठरवले गेले. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, वेश वेगळा, विवाहसंबंध बंद. हत्या आणि मृत्यू यांच्याशी संबंध म्हणजे विटाळ, या कल्पनेला शिंतो आणि बौद्ध या दोन्ही परंपरांतील समजुतींनी बळ दिले. त्यांचा चेहरा, भाषा, धर्म, सर्व काही इतर जपान्यांसारखेच. फरक फक्त जन्माच्या वस्तीचा. हे ऐकताना आम्हाला परदेशात असल्यासारखे वाटले नाही.

१८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून हा भेद कायद्याने रद्द केला. परंतु पुढच्याच वर्षीच्या कुटुंब-नोंदणीत अनेक ठिकाणी त्यांची ओळख पटेल अशा नोंदी झाल्या. त्या जुन्या नोंदवह्या सर्वसामान्यांना पाहण्यास बंद व्हायला १९६८ साल उजाडले. शाळा, नोकरी, लग्न, प्रत्येक ठिकाणी चौकशी चालू राहिली. शेवटी या समाजातील तरुणांनी ठरवले की कोणाच्या दयेची वाट पाहायची नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोच्या ओकाझाकी येथील सार्वजनिक सभागृहात त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. तेथे आज स्मृतिशिला आहे.

'सुइहेइ' हा शब्द दोन चिन्हांनी लिहितात. पहिले चिन्ह पाण्याचे आणि दुसरे सपाटीचे. पाण्याचा पृष्ठभाग जसा सर्वत्र एका पातळीवर असतो, तसा समाज असावा, हा त्याचा अर्थ. मित्रहो, त्यानंतर पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या वाडवडिलांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. या दोन चळवळींनी परस्परांना पाहिलेले नव्हते. तरी एकाने समतेसाठी पाण्याचे नाव घेतले आणि दुसऱ्याने समतेसाठी पाण्याला हात लावला.

सुइहेइशाच्या जाहीरनाम्याचा मसुदा साइको मानकिची यांनी केला. नारा शहराच्या दक्षिणेला गोसे येथील काशिवाबारा वस्तीतील एका बौद्ध मंदिरात त्यांचा जन्म झाला होता. तेथे १९९८ पासून सुइहेइशाचे संग्रहालय आहे. आठव्या दिवशी आम्ही ते पाहिले. काळ्या कापडावर काट्यांचा लाल मुकुट असलेला त्यांचा ध्वज तेथे आहे. येशूच्या मस्तकावरील काट्यांच्या मुकुटावरून तो घेतला आहे. या लोकांपैकी बहुतेक होंगानजी पंथाचे निष्ठावंत उपासक होते. स्थापनेच्या सभेतच त्यांनी ठराव केला की पूर्व आणि पश्चिम होंगानजी या दोन्ही पीठांनी या प्रश्नावर आपली भूमिका स्पष्ट करावी. पिढ्यान्‌पिढ्या दान देणाऱ्यांनी धर्मपीठाला जाब विचारला. धम्मावर प्रेम असल्यामुळेच त्यांनी तो विचारला, हे विसरू नये.

त्यांचे दुसरे मोठे नेते मात्सुमोतो जिइचिरो. १९४७ मध्ये ते वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. संसदेच्या समारंभात सम्राटासमोर पदाधिकाऱ्यांनी पाठ न दाखवता खेकड्यासारखे तिरके चालत जाण्याची प्रथा होती. मात्सुमोतोंनी तसे चालण्यास नकार दिला. माणसाने माणसासमोर खेकडा का व्हावे, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि विहारांचे काय? जपानमध्ये मृत व्यक्तीला भिक्खू धम्मनाम देतो आणि ते थडग्यावर कोरतात. बुराकुमिनांच्या कित्येक थडग्यांवर 'पशू', 'कातडे' अशा अर्थांची चिन्हे कोरलेली सापडली. म्हणजे मेल्यावरही जात सुटली नाही, आणि ती कोरणारा हात धम्माचा होता! १९७९ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या धर्म आणि शांतता परिषदेत जपानच्या एका मोठ्या बौद्ध पंथाच्या प्रतिनिधीने आपल्या देशात असा भेदभाव नाही असे सांगितले. बुराकू मुक्ती संघटनेने त्याला जाहीर आव्हान दिले. त्याने पुढे माफी मागितली. त्या पंथाने आपल्या नोंदवह्या तपासल्या, अपमानकारक नावे शोधून बदलण्याचे काम हाती घेतले.

कायद्यांचेही सांगतो. १९६९ च्या विशेष कायद्याने बुराकू वस्त्यांत घरे, रस्ते, शाळा यांसाठी मोठा निधी आला. हे कार्यक्रम २००२ पर्यंत चालले. वस्त्यांचे रूप बदलले. परंतु १९७५ मध्ये उघडकीस आले की देशभरातील बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांची पुस्तके गुपचूप विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. कशासाठी? नोकरीचा अर्ज आला की पत्ता तपासण्यासाठी. अशा याद्या पुढे इंटरनेटवरही आल्या. २०१६ मध्ये बुराकू भेदभावाच्या निर्मूलनासाठी वेगळा कायदा झाला. त्या कायद्याने हा भेदभाव अजून अस्तित्वात आहे हे मान्य केले आहे, मात्र त्यात शिक्षेची तरतूद नाही.

हिरोशिमा आणि बेप्पू

नवव्या दिवशी हिरोशिमा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता पडलेल्या अणुबाँबने त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मरण पावली. सांगाडा उरलेली घुमटाची इमारत तशीच ठेवली आहे. वाचलेल्या लोकांनाही समाजाने दूर ठेवले, त्यांच्या मुलामुलींची लग्ने अडली. पण त्यांनी संघटना केली आणि अणुबाँब पुन्हा वापरला जाऊ नये म्हणून आयुष्यभर साक्ष दिली. त्या 'निहोन हिदान्क्यो' संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. उद्यानात शाळांच्या मुलांच्या रांगा होत्या. दुःखाची जागा शिक्षणाची जागा कशी करावी, हे तेथे पाहावे.

शेवटच्या दिवशी क्यूशू बेटावरील बेप्पू. गरम पाण्याच्या उगमांची संख्या जपानमध्ये येथे सर्वांत जास्त, दोन हजारांहून अधिक. गावभर जमिनीतून वाफेचे लोट निघताना दिसतात. काही कुंडांना 'जिगोकू' म्हणजे नरक म्हणतात. एक कुंड समुद्रासारखे निळे, एक रक्तासारखे लाल, आणि एका कुंडात राखाडी चिखलाचे बुडबुडे भिक्खूच्या मुंडण केलेल्या डोक्यासारखे वर येतात. ही कुंडे फक्त पाहण्यासाठी, स्नानासाठी नव्हेत. कान्नावा भागात वाफेवर रताळी, अंडी, भाज्या शिजवून देतात. आमच्यातील शाकाहारी मंडळींची तेथे उत्तम सोय झाली. याच कान्नावातील बाष्पस्नान तेराव्या शतकात इप्पेन या फिरत्या भिक्खूने सुरू केले असे मानतात. इप्पेन गरीब, रोगी, भिकारी अशा सर्वांना बरोबर घेऊन गावोगाव फिरले.

बेप्पूत मोठ्या हॉटेलांबरोबर मोहल्ल्यांची छोटी स्नानगृहेही आहेत. शेजारीपाजारी वर्गणी काढून ती चालवतात, पाळीपाळीने साफ करतात. अशाच एका स्नानगृहात कामावरून परतलेला गवंडी, सेवानिवृत्त शिक्षक आणि आम्ही भारतातून आलेले पाहुणे एका पाण्यात बसलो. एका वृद्धाने खुणेने आम्हाला पाणी अंगावर हळूहळू घ्यायला शिकवले. विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. बेप्पूत २००० साली सुरू झालेले रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठ आहे. तेथील जवळजवळ निम्मे विद्यार्थी परदेशी असतात आणि इंग्रजीतूनही पदवी घेता येते. जपान सरकारच्या शिष्यवृत्त्याही आहेत. आपल्या मुलामुलींनी त्यांची माहिती काढावी.

उत्तर

आता त्या विद्यार्थिनीला मी काय सांगितले ते आपल्यापुढे ठेवतो. देश बौद्ध आहे, एवढ्याने तेथील माणसे समान होत नाहीत. तोदाइजीची मूर्ती १५ मीटर उंच आहे, पण तिच्या सावलीत भेदभाव वाढू शकला. जपानमध्ये जो काही बदल झाला तो तीन गोष्टींनी झाला. पीडितांनी स्वतः संघटना केली. त्यांनी कायदा आणि न्यायालय वापरले. आणि त्यांनी आपल्याच धर्मसंस्थांना धम्माच्या कसोटीवर उभे केले. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आपल्याला धम्म दिला, तो समतेची साधना म्हणून दिला. तेव्हा आपल्या विहारात, आपल्या लग्नाच्या बैठकीत, आपल्यातच जुन्या पोटजातींचा शब्द निघतो का, हा प्रश्न आपण आधी स्वतःला विचारला पाहिजे. आपल्यापैकी काहींना हे कटू वाटेल, पण जपानच्या बुराकू उपासकांनी आपल्या पीठाला विचारले, मग आपण आपल्या मंडळाला का विचारू नये?

शेवटी मंडळाला एक विनंती. सर्वांना जपानला जाणे परवडणार नाही. पण महाडला जाणे परवडते. महाडजवळ सव येथे सावित्री नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. गंधारपाले येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत, त्यांतील पाण्याची टाकी आजही पाहता येतात. आणि चवदार तळे तर आहेच. या तिन्ही ठिकाणांची दोन दिवसांची विद्यार्थी-सहल मंडळाने दरवर्षी काढावी. तळ्याच्या काठी बसून मुलांना महाडच्या सत्याग्रहाचा आणि ३ मार्च १९२२ च्या क्योटोच्या सभेचा इतिहास एकत्र सांगावा. पहिल्या सहलीची तयारी आणि माहिती देण्याचे काम मी आनंदाने स्वीकारतो.

 

नमो बुद्धाय! जयभीम!